दवानं झालं, म्हणे

मोरेश्वर, तुझ्या तेरवीचं जेवण करून मी आत्ताच घरी आलो. हात धुतले, चष्मा लावला आणि तुला शिव्या घालायला बसलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं आज तुझ्या अंगणात जो तो सांगत होता. त्या सगळ्यांनी तुझ्याबरोबर एक हिवाळा डिमर दुरुस्त करून बघावा आणि मग मला शिकवायला यावं.

आज दुपारी ढोलकीवाल्या शालिकनं मला जे सांगितलं, ते तू मला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. एका वाक्याचं काम होतं. त्यातलं अर्धं वाक्य तू मला शंभरदा ऐकवलंस आणि उरलेलं अर्धं पोटात ठेवून तलावाच्या पाळीवर जाऊन मेलास. आता मी भांडायचं कुणाशी? तुझ्या फोटोशी? तो तर हसतोय. तो फोटोही कुठला निवडलाय बघ, माझ्या दुकानात काढलेला, मागं माझे उघडे टीव्ही दिसतात.

तू पहिल्यांदा त्या दुकानात आलास तेव्हा आपल्या दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. सिंदेवाहीच्या बस स्टँडमागं मी नुकतंच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं खोपटं टाकलं होतं. तू पळसाच्या पानात बांधलेले मासे माझ्या काउंटरवर ठेवलेस, एका ग्राहकाच्या टेपरेकॉर्डरला अगदी चिकटून, आणि म्हणालास, "नाटकाले डिमर पायजे. बनवून देतेस का?" पावसाळ्यात तलावावर जाळं, धान कापून झालं की नाटक कंपनीचा लाइटवाला, अशी तुझी दोन कामं. दिवाळी झाली की आपल्याकडं गावोगाव मंडईची जत्रा आणि मंडईला नाटक. खड्डा खणून त्यात माणसं बसवायची, समोर स्टेज, मधे पेटी-ढोलकीवाले, आणि बाजूला बांबूच्या उंच माचोळीवर तू. त्या माचोळीसाठी तुला बटणं हवी होती. मी डिमर दिला आणि टेपरेकॉर्डरला वास लागला म्हणून त्या ग्राहकाची बोलणी खाल्ली. माझ्या टेस्टरला तर अजून मासळीचा वास येतो. तू माझं कुठलंही हत्यार हात न धुता उचलायचास.

डिमर म्हणजे माझ्या लेखी साधं यंत्र. वीज येते, आतला ट्रायॅक तिचा थोडा थोडा भाग कापतो, जितकं कापेल तितका दिवा मंद. तुझ्या लेखी ते काय होतं देव जाणे. "उजेड बंद नाई कराचा वसंता," तू मला दटावायचास, "निजवाचा. लेकरू कोन्या घडीले निजलं ते मायलेबी समजत नाई, तसा." मी मीटर लावून सांगायचो की बघ, शून्यापर्यंत सरळ उतरतंय. तू म्हणायचास, "मीटर खिशात घाल आन खड्ड्यात जाऊन बस. मीटर नाटक पाहाले येत नाई." मग मी खड्ड्यात, बायकापोरांच्या मधे गोधडी गुंडाळून बसायचो. माचोळीवर तू दोन बोटांनी बटण फिरवायचास आणि स्टेजकडं न बघता पहिल्या ओळीतल्या बायकांच्या तोंडाकडं बघायचास. त्यांच्या तोंडावरून तुला कळायचं किती वेगानं फिरवायचं. हे मला तेव्हाही पटलं नाही. आजही पटत नाही. पण शेवटच्या प्रवेशात उजेड नेमका कधी गेला हे मला एकदाही सांगता आलं नाही, आणि मी तर डोळे वटारून बसलेलो असायचो.

शेवटचा प्रवेश म्हणजे गुलाबभाऊंचं मरण. कंपनीचे मालक तेच, म्हातारा बापही तेच, आणि नाटक कुठलंही असो, शेवटी मरायचेही तेच. दुसऱ्या कुणाला त्यांनी कधी मरू दिलं नाही. मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून ते जायचे आणि तू उजेड निजवायचास, आणि खड्ड्यात नाकं ओढल्याचा आवाज यायचा. त्या एका मिनिटावर कंपनीला पुढच्या वर्षीचं आमंत्रण मिळायचं, असं गुलाबभाऊ म्हणायचे. मरणाला टाळ्या घेणारा मी पाहिलेला तो एकच माणूस.

आणि मग त्या शहाण्या माणसानं नागपूरहून एलईडीचे दिवे आणले. हॅलोजन फार वीज खातात, गावात लोडशेडिंग, जनरेटर दमतो, हे सगळं खरं. खोक्यावर छापलेलंही होतं की हे दिवे मंद करता येतात. छापणाऱ्याचं काय जातं! पहिल्याच नाटकाला गुलाबभाऊंनी मुलीच्या मांडीवर डोकं टेकलं, तू बटण उतरवायला घेतलंस, आणि अर्ध्यावर आल्याबरोबर दिवे फडफडायला लागले. लागले ते लागले, खाली जाता जाता फटकन विझले, परत लागले, परत विझले. खड्ड्यातून कुणीतरी ओरडलं, "गुलाबभाऊ, बिल भरलं नाई वाट्टे!" सगळा खड्डा हसला. मेलेल्या गुलाबभाऊंनी मान वर करून तुझ्याकडं बघितलं. मी तिथं नव्हतो, पण ती मान तू मला दुकानात इतक्यांदा करून दाखवलीस की मी होतोच असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी तू दिवे, वायर आणि डिमर पोत्यात घालून माझ्याकडं आलास. सोबत निरोप होता. गुलाबभाऊ म्हणाले होते, "मोऱ्या, मले सुखानं मरताबी येत नाई तुया लाइटीत. अहेरीच्या नाटकापावतर नीट कर, नाईतर नागपूरची लाइट पार्टी लावतो आन तुले सुट्टी." तू ते हसत हसत सांगितलंस. हसत होतास, पण चहा तसाच ठेवलास. माचोळी गेली तर तुझं काय उरणार होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. हिवाळाभर तलावाकडं तोंड करून बसणारा मोरेश्वर कसा दिसेल, ते मला तेव्हाच दिसलं आणि मी मुद्दाम चिडून बोललो, "आधी पोतं त्या रेडिओवरून उचल."

तुझं म्हणणं, दिवेच खराब. माझं म्हणणं, स्क्रू ढिले, कारण तुझे स्क्रू कायमच ढिले. तू सगळे आवळलेस, एवढे की दोन मोडले. फडफड तशीच. मग आपण दिवे आलटूनपालटून लावले. सगळेच सारखे फडफडले, म्हणजे एखादा खराब निघाला असंही नाही. मग जनरेटरची वीज वरखाली होते म्हणून असेल, असं मला वाटलं. गावची लाइन येईपर्यंत आपण थांबलो, आणि लाइन आल्यावर त्याच दिव्यांनी तीच फडफड केली. तू माझ्याकडं असं बघितलंस जणू ही लाइन मीच पाठवली होती.

खरं कारण मला सापडलं ते दुपारी, शटर अर्धं ओढून. जुना ट्रायॅक मोठ्या दिव्यांसाठी घातलेला. तो चालू राहायला त्याच्यातून बऱ्यापैकी करंट वाहत राहावा लागतो. हॅलोजन भरपूर ओढायचा. हे नवे दिवे बिचारे कमी खाणारे. मंद करायला गेलं की करंट इतका घसरतो की ट्रायॅक सुटतो. सुटला की दिवा जातो, आणि दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे दिवा चालवणारं सर्किट, परत उठायला बघतो. उठतो, पडतो, उठतो, पडतो. तीच फडफड. मी एलईडीच्या जोडीनं त्याच डिमरच्या लाइनवर साधा शंभरचा बल्ब लावला. फडफड गायब. उजेड खाली खाली गेला, अगदी तुझ्या मनासारखा. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तू मला मिठी मारशील.

तू म्हणालास, "म्हंजे वीज वाचवाले हे दिवे आनले, आन हे दिवे जळाले पायजे म्हून शंभरचा बल्ब येगळा जाळाचा? कोन्या गाढवानं काढली हे अक्कल?"

"मी काढली."

"मंग बराबर हाये."

पण लावलास. करतोस काय! बल्बचा उजेड दिसू नये म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यात होल्डर बसवलास, वर झाकण, झाकणाला भोकं. डबा ठेवलास स्टेजपुढं, ढोलकीवाल्या शालिकच्या पायाशी, कारण बोर्ड तिथं होता. त्या बोर्डावर एक सॉकेट डिमरचं, आपल्या बल्बसाठी, आणि शेजारचं सरळ लाइनचं, पेटीवाल्याच्या दिव्यासाठी. हे सॉकेटाचं मी आज सांगतोय, कारण आज मला त्याचं महत्त्व कळलं. तेव्हा मला डब्यात बल्ब पेटतोय एवढंच दिसत होतं.

पुढं जे झालं त्यानं माझं अर्धं डोकं पांढरं झालं. दुपारी मंडपात येऊन आपण तपासायचो, उजेड लोण्यासारखा उतरायचा. नाटक सुरू व्हायचं, पहिला अंक ठीक. आणि शेवटच्या प्रवेशाला गुलाबभाऊ मरायला घेतले की फडफड. दुसऱ्या दिवशी दुपारी परत सगळं ठीक. मी विचारायचो, बल्ब पेटला होता का? तू म्हणायचास, डोळ्यानं पाहिला, भोकातून उजेड येत होता. मी म्हणायचो, मग तुझी वायर कुठंतरी सुटते. तू म्हणायचास, तुझा डिमर तापून चळतो. मी म्हणायचो, डिमर चळत नाही, माणसं चळतात. आपण दोघं चहाच्या टपरीवर इतके मोठ्यानं भांडायचो की टपरीवाला आधी चहा द्यायचा, म्हणजे आपण लवकर उठू.

आणि तिथंच तू ते पहिल्यांदा बोललास. "दवानं होते हे."

"काय?"

"दव पडला का फडफडते. दुपारी दव नाई, फडफड नाई. पयल्या अंकात दव नाई, फडफड नाई. बस, दव."

मी तुला समजावलं. मंडपावर ताडपत्री आहे, दिवे बंद खोक्यात आहेत, डिमर लाकडी पेटीत आहे. दव काय बिऱ्हाड घेऊन दिव्यात राहायला जातो काय? तू खांदे उडवलेस आणि दुसऱ्या नाटकाला सगळ्या दिव्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्यास. दिवे तापले, पिशव्या वितळल्या, नायिकेच्या शालूवर टिपका पडला. फडफड होती तिथंच. हे तुला आठवत असेल. शालू तुझ्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, घासून काढला आणि तुझ्यावर जे तोंड सोडलं ते मला फार आवडलं होतं.

तेव्हा तुलाही कारण माहीत नव्हतं, हे मी आज मान्य करतो. तू नुसता अंदाज ठोकत होतास. पण अहेरीनंतर? अहेरीनंतर तुला माहीत होतं मोरेश्वर. तिथून पुढं मला राग येतो.

अहेरीच्या नाटकासाठी मी नागपूरला जाऊन नवा ट्रायॅक आणला, कमी करंटवरही तग धरणारा. बसनं दिवसभर हाडं खिळखिळी करत अहेरीला पोचलो. आठवडी बाजार उठत होता. तू माचोळीजवळ डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं मोडत उभा होतास. गुलाबभाऊ मला बघून म्हणाले, "वसंतभाऊ, आज माह्या मरनाची लाज तुमच्या हातात हाये." मी तिथंच मातीत बसून डिमर उघडला, ट्रायॅक बदलला, आणि नाटकाला खड्ड्यात जाऊन बसलो. शेवटच्या प्रवेशाला मी दोन्ही हात गोधडीत घट्ट धरून ठेवले होते. गुलाबभाऊ गेले. उजेड निजला. फडफड नाही, झटका नाही. माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून रडत होती आणि मीही रडत होतो, तिला वाटलं नाटकामुळं. तुझी माचोळी वाचली होती.

मी धावत आलो आणि म्हणालो, "बघितलास माझा ट्रायॅक!"

तू वायर गुंडाळत होतास. मान वर न करता म्हणालास, "ट्रायॅकचं काई नाई. दवानं होत होतं ते."

मला वाटलं, आभार मानायला जीभ रेटत नाही म्हणून बोलतोयस. बरं, पुढं त्या डब्याचं. मी म्हटलं, आता नवा ट्रायॅक आहे, बल्बची गरज उरली नसेल, एकदा काढून तर बघू. तू हातच लावू दिला नाहीस. उलट पुढच्या नाटकाला बघतो तर एकाचे दोन डबे. दोन बल्ब! मी सगळ्या कंपनीसमोर विचारलं, "हा दुसरा कशाला?" तू शांतपणे म्हणालास, "दवासाठी." सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. शालिक मात्र खाली बघून ढोलकीची दोरी ओढत होता. तेव्हा मला वाटलं, हा बिचारा तुझ्यावर माया करणारा माणूस आहे, म्हणून हसत नाही.

त्यानंतर तीन वर्षं आपण हेच भांडलो. भद्रावतीच्या नाटकाला जाताना टेम्पोत भांडलो. तुझ्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांसमोर भांडलो. मी ट्रायॅक म्हणायचो, तू दव म्हणायचास आणि मिशीत हसायचास. ते हसणं मला झोपेतही दिसायचं. या पावसाळ्यात तुझ्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा मी चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडं चल म्हणून मागं लागलो. तू म्हणालास, गॅस आहे. मी म्हटलं, गॅस डाव्या हातात उतरत नसतो. तू सोडा प्यायलास, ढेकर दिलास आणि म्हणालास, "हे पाय, निंगाला." तुझ्या छातीतल्या दुखण्यालाही तू एखाद दिवस दवच म्हणाला असतास. आणि एका सकाळी जाळं ओढता ओढता पाळीवर बसलास आणि गेलास. जन्मभर उजेड निजवलास, एकाही दिव्याला झटका दिला नाहीस, आणि स्वतः मात्र फटकन. चहा ठेवून आलेल्या वहिनींना काही बोलायलाही सवड दिली नाहीस. हे तुला शोभलं नाही, एवढंच सांगतो.

आता शालिकचं. पंगत उठली, मी पत्रावळ टाकून हात धूत होतो. तो पाणी घालत होता. त्याची बोटं आता पार वाकडी झाली आहेत. मी सहज म्हटलं, "शालिकभाऊ, गेला बाबा आपला दववाला."

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "वसंतभाऊ," तो म्हणाला, "तो दव माहा होता."

मला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. त्यानं मला गोठ्याजवळ नेलं आणि खाली बसून सांगितलं. हिवाळ्यात दव पडायला लागला की ढोलकीची कातड्याची पुडी सैल पडते. थाप मारली की आवाज बसका, कापसावर मारल्यासारखा. पूर्वी तो मधल्या अंकात शेकोटीवर धरायचा. त्या वर्षी आपला डबा त्याच्या पायाशी आला, गरम गरम. त्यानं ढोलकी डब्यावर टेकवली. फार छान शेकायची. पण डबा डिमरच्या लाइनवर. तू उजेड कमी केलास की डब्यातला बल्बही मंद, आणि डबा थंड.

"मंग म्या काय केलं," शालिक म्हणाला, "दव पडला का ते पिन काढून बाजूच्या सॉकेटात घालत होतो. सरळ लाइनीत. बल्ब भपकन जळे, ढोलकी खनखन बोले. बल्ब कोन्याबी सॉकेटात जळो, बल्ब तर बल्बच हाये, असं वाटे मले. नाटक झालं का पिन वापस."

म्हणजे बल्ब पेटलेला होताच! भोकातून उजेड येतच होता! तू बघायचास, मी विचारायचो, दोघंही समाधानी, आणि ज्या लाइनला त्याची गरज होती तिथून तो केव्हाच उठून गेलेला. दुपारी दव नाही, म्हणून पिन जागेवर. पहिल्या अंकात दव नाही, पिन जागेवर. गुलाबभाऊ मरायच्या वेळेला भरपूर दव.  माझा नागपूरचा ट्रायॅक माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

अहेरीला तुला ते दिसलं, शालिक सांगत होता. दुसऱ्या अंकात अंगाईच्या प्रवेशाला तू उजेड जरासाच, अर्ध्याच्या वर ठेवून, कमी केलास आणि स्टेजकडं बघायच्या ऐवजी, तुझ्या सवयीप्रमाणे, खाली माणसांकडं बघितलंस. सगळं मंद झालं होतं आणि डब्याच्या झाकणातून मात्र लख्ख रेघ येत होती. मंद व्हायला हवा तो बल्ब मंद झाला नव्हता. प्रवेश संपल्यावर तू उतरून आलास, अंधारात वायरीवर हात फिरवत सॉकेटापर्यंत गेलास, आणि तिथं शालिकचा हात होता.

"म्या पाय धरले त्याचे," शालिक म्हणाला. "गुलाबभाऊनं आंदीच सांगतलं होतं, बोटं चालत नाई तुयी, तुया जागी ऑक्टोपॅडवाला पोट्टा आनतो. हे समजलं असतं का त्याच्या मरनाच्या सीनची वाट माह्यानं लागून राह्यली, तर त्याच घडीले ढोलकी काढून घेतली असती. मोऱ्यानं मले उठवलं. पिन जागेवर लावली. दुसऱ्या दिवशी माह्यासाठी येगळा डबा बनवला, सरळ लाइनीवर. म्हने, हा तुया, तो माहा. आन कोनाले सांगू नोको."

"मला तरी सांगायचं होतं!" मी ओरडलो. अंगणातल्या बायकांनी वळून बघितलं.

शालिकनं माझी बाही ओढली. मग हळूच म्हणाला, "तुमचं तर नाव घेऊनच सांगतलं होतं. वसंत्याले त मुळीच नोको सांगू म्हने. त्याले सांगतलं का पूरी सिंदेवाही समजली."

मोरेश्वर, मी! मी, ज्यानं तुझ्यासाठी बसनं हाडं मोडून घेतली! मी काय गुलाबभाऊंना जाऊन सांगणार होतो? बरं, टपरीवर सांगितलं असतं कदाचित. एखाद्याला. तो प्रश्न नाही. माझ्या बढाया तू तीन वर्षं ऐकत बसलास हा प्रश्न आहे. मी व्याह्यांना ट्रायॅक समजावून सांगत होतो तेव्हा तू जिलेबी खात होतास! तुझी माचोळी जायच्या बेतात होती, तरी तू दुसऱ्याचं नाव घेतलं नाहीस. याबद्दल कुणीही तुला मोठ्या मनाचा म्हणेल. मी म्हणत नाही. मला तू माहीत आहेस. अर्धं तू शालिकसाठी गप्प राहिलास, आणि अर्धं मला चिडवायला. किती अर्धं कुठलं, हे मला विचारायचं होतं. "दवानं झालं" असं तोंडावर खरं बोलून मला खोट्यात पाडलंस, आणि उत्तर देण्याआधीच उठून गेलास. आणि तरी मला सगळ्यात जास्त वाटतंय काय सांगू? तू पुन्हा एकदा येऊन मिशीत हसावंस. मी काहीही बोलणार नाही. बरं, थोडंच बोलेन.

आता शेवटचं. पाहुणे पांगल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. मधल्या खोलीत तुझा फोटो, आणि वर कंपनीतला एक जुना एलईडीचा दिवा, तुझ्या घरच्या डिमरवर लावलेला. मीच दिलेला जुना डिमर, जुन्या ट्रायॅकचा. वहिनींनी फोटोवर प्रखर नको म्हणून बटण खाली ठेवलेलं, आणि दिवा फडफडत होता. म्हाताऱ्या बायका हात जोडून म्हणत होत्या, "मोऱ्या आला." मला इतका संताप आला! मेल्यावरही कमी करंटची फडफड तुझ्या नावावर जमा!

मी शालिककडं बघितलं. मी काही बोलायच्या आत तो परसात गेला आणि काळा पडलेला तेलाचा डबा घेऊन आला. आपला डबा. त्यानं पिन हातात धरली, सॉकेटांकडं बघितलं, आणि माझ्याकडं. मी डिमरचं सॉकेट दाखवलं. "याच्यात. आणि मरेपर्यंत काढू नका." त्यानं घातली. फडफड थांबली. म्हाताऱ्या जरा नाराज झाल्या.

दिवस कलला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आता बंद करा भाऊजी. त्याईले दिवा उगाच जाळलेला आवडत नोहोता." मी बटणाला हात घातला. दोन बोटांनी, तुझ्यासारखा. तुझ्या फोटोकडं बघितलं नाही, वहिनींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरून मला कळत होतं किती वेगानं फिरवायचं. उजेड खाली आला, आणखी खाली आला. डब्याच्या भोकांतली रेघ लाल झाली, मग तीही बारीक झाली.

"निजला काय?" वहिनींनी विचारलं.

"नाई वहिनी," शालिक म्हणाला, "अजून हाये."

मी बटणावरची बोटं काढली नाहीत.